विल्फ हेस्केटची नऊ कडवी

विल्फ हेस्केटला एकच गाणं येत होतं, आणि ते तो वर्षातून एकदाच म्हणायचा.

उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तो फारसं काही म्हणतच नसे. म्हणणार कुणाला? हाय गिलचं त्याचं घर स्कारबेक गावापासून चार मैल वर होतं आणि त्याच्या पुढे रस्ताच संपत होता. पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा, पण गाडीतून न उतरता खिडकीतून हात बाहेर काढायचा. त्यामुळे विल्फची त्याच्या हाताशी चांगली ओळख होती. लग्न राहून गेलं होतं, जसं मागच्या कुंपणाचं काम राहून गेलं होतं. आधी दगड नव्हते, आणि दगड आले तेव्हा पाठ दुखायला लागली. आता तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि कुंपणाला पडलेलं भगदाड त्याच्याहून दोन वर्षांनी लहान होतं.

गाणं त्याच्या पणजीपासून घरात चालत आलेलं. एक मेंढपाळ हरवलेली मेंढी शोधत नऊ दऱ्या फिरतो. दर कडव्यात एका माणसाला विचारतो, माझी मेंढी पाहिलीत का, आणि दर कडव्यात तो माणूस म्हणतो, नाही बुवा. अशी नऊ कडवी. गाण्यात घडत काहीच नाही. मेंढी सापडत नाही, तिला लांडगा खात नाही, कुणी त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त करत नाही. गाण्याचा जीव सगळा ध्रुवपदात:

फिर गं माघारी, फिर गं,
दिवा लागला दारी, फिर गं.

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी स्कारबेकला मेंढपाळांचा मेळावा भरतो. उन्हाळाभर डोंगरावर सोडलेल्या मेंढ्यांपैकी काही भलत्याच कळपात घुसलेल्या असतात. त्या सकाळी खाली आणायच्या, कानाला मालकाच्या खुणेच्या खाचा असतात त्या बघायच्या आणि ज्याच्या त्याला परत करायच्या. मग ‘ब्लॅक रॅम’ पबमध्ये मटण-बटाट्याचं जेवण, आणि जेवणावर गाणी. गाण्यांचे नियम दोनच. ज्याचं गाणं त्यानेच म्हणायचं, आणि मेळाव्याच्या दिवशी एकदा झालेलं गाणं पुन्हा व्हायचं नाही. हे नियम कुठेही लिहिलेले नाहीत, त्यामुळे ते बदलता येत नाहीत. जॉस ब्रॉकबँकच्या बापाने एकदा चढलेल्या अवस्थेत आपल्या मेहुण्याचं गाणं म्हटलं होतं. पुढची अकरा वर्षं ते दोघं एकाच ट्रॅक्टरवर बसून शेतावर जात आणि एकमेकांशी बोलत नसत.

विल्फची पाळी आली की तो उठायचा, टोपी काढायचा, डोळे मिटून कडवं म्हणायचा. तेव्हा पबमध्ये अगदी शांतता असायची. आणि ध्रुवपदाला चाळीस गळे एकदम उठायचे. नऊ वेळा. वर्षाच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात हीच काय ती चार-पाच मिनिटं, जेव्हा विल्फ जे म्हणतोय तेच आणखी कुणीतरी म्हणत असायचं. ही वैरण तो जपून जपून वर्षभर पुरवायचा. जानेवारीत थोडी, फेब्रुवारीत थोडी. जुलैपर्यंत तळ दिसायला लागायचा. ऑक्टोबर लागला की तो गोठ्यात कुत्रीसमोर तालीम सुरू करायचा. कुत्रीचं नाव मॉस. तिला शब्द पाठ होते, पण ती मधे बोलत नसे.

यंदा मात्र चर्चमध्ये नव्या पाद्रीबाई आल्या होत्या आणि त्यांना गावासाठी काहीतरी करायचं होतं. हे कळल्यापासून गाव सावध होतं. शेवटी असं निघालं, की मेळाव्याच्या दिवशी दुपारी दोन वाजता चर्चमध्ये जुन्या संगीताची एक मंडळी येणार. चार माणसं. तीनशे वर्षांपूर्वीच्या वाद्यांवर इंग्लंड-आयर्लंडची लोकगीतं, तीनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने. प्रवेश फुकट, नंतर चहा.

“तीनशे वर्षांपूर्वी चहा कुठे होता?” जॉसने विचारलं.

“तू ये आणि गप बस,” डोरीन बर्केट म्हणाली. डोरीन मेळाव्याची अध्यक्ष होती. कानाच्या खाचांची वही तिच्याकडे असायची, आणि मेंढीवरून दोघांत वाद झाला तर तिचा शब्द शेवटचा. तिने बोलावल्यावर न येणं शक्य नव्हतं, म्हणून सगळे आले. ओल्या कोटांतले चाळीस मेंढपाळ बाकांवर दाटीवाटीने बसले आणि त्यांच्या अंगातून वाफ निघायला लागली.

त्या वाफेनेच घोळ केला. काळ्या कपड्यातली चार माणसं येऊन बसली, वाकून नमस्कार केला, आणि सूर लावायला लागली. एकाजवळ उभ्या माणसाच्या उंचीचं तंतुवाद्य होतं, मान इतकी लांब की तिचं दुसरं टोक वेगळ्या हवामानात असावं. त्याच्या चौदा तारा. हा वाजवणारा, बार्नबी, चौदावी तार लावेपर्यंत पहिली उतरलेली असायची.

मेंढपाळांची काही तक्रार नव्हती. मेंढी वितेपर्यंत थांबायची त्यांना सवय असते. सात मिनिटं झाल्यावर डोरीन शेजारणीच्या कानात म्हणाली, “आडवं आलंय वाटतं.”

“माफ करा,” बार्नबी घाम पुसत म्हणाला. “तारा आतड्याच्या आहेत. दमट हवेत सुरात राहत नाहीत.”

“कशाच्या आतड्याच्या?” मागून जॉस ओरडला.

“मेंढीच्या.”

बाकांवरून समाधानाची एक लाट गेली.

“कुठल्या जातीच्या?”

बार्नबीला सांगता आलं नाही. लाट ओसरली.

पण मंडळी वाजवायला लागली तेव्हा मात्र छान वाजवली, हे विल्फने मनात मान्य केलं. तो तिसऱ्या बाकावर होता. गाणारी मुलगी तिशीतली, नाव क्लेमेन्सी, आवाज गार पाण्यासारखा. तिने एक आयरिश विरहगीत म्हटलं, एक बुडालेल्या खलाशांचं म्हटलं. आणि मग हातातला कागद खाली ठेवून ती हसली.

“आता एक खास गाणं,” ती म्हणाली. “हे याच दरीतलं आहे. एकोणीसशे नऊ साली एका संग्राहकाने ते इथल्या कुणा मिसेस हेस्केट यांच्याकडून उतरवून घेतलं. त्यानंतर ते कुणी गायल्याची नोंद नाही. आम्हाला ते एका ग्रंथालयात खोक्यात सापडलं. शंभरहून जास्त वर्षं हरवलेलं गाणं आज घरी परत येतंय.”

चाळीस डोकी विल्फकडे वळली. मग, टक लावून पाहणं बरं दिसत नाही म्हणून, चाळीसच्या चाळीस पुन्हा पुढे वळली.

विल्फने हातातला छापील कागद वाचला. त्यावरही तेच होतं: ‘लुप्त’. त्याने एकदा आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. ते होते.

कुणीतरी उठून सांगायला हवं होतं. पण चर्चमध्ये हरकत घ्यायची सोय फक्त लग्नात असते, आणि तीही पाद्रीबाईंनी विचारल्यावर. म्हणून सगळे गप्प बसले, विल्फ सगळ्यांपेक्षा जास्त.

आणि मग ते सुरू झालं. शब्द तेच होते. पण ज्या गाण्यात विल्फचा मेंढपाळ काठी टेकत भराभर डोंगर चढायचा, त्याच गाण्यात यांचा मेंढपाळ दर दोन पावलांना थांबून निसर्ग बघत होता. ओळीच्या शेवटी क्लेमेन्सीचा आवाज चिमणीच्या पंखासारखा थरथरायचा. लांब मानेचं वाद्य खालून हळूच काहीतरी विचारायचं, आणि दुसऱ्या एकाचं धनुकलीने वाजवायचं वाद्य त्याला उत्तर न देता रडायचं. ध्रुवपद आलं तेव्हा सवयीने चाळीस तोंडं उघडली. पण कागदावर छापलं होतं, कृपया कार्यक्रमादरम्यान शांतता राखावी. जॉसच्या तोंडून ‘फि’ एवढं बाहेर पडलं आणि बायकोचं कोपर त्याच्या बरगडीत गेलं. चाळीस तोंडं मिटली. नऊच्या नऊ ध्रुवपदं ती चार माणसंच म्हणाली, चार वेगवेगळ्या सुरांत, फार सुंदर. नऊ मिनिटांच्या गाण्याला वीस मिनिटं लागली.

शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विल्फनेही वाजवल्या. दुसरं काय करणार?

चार वाजता सगळे ‘ब्लॅक रॅम’मध्ये आले. मंडळीलाही जेवायला बोलावलं होतं. त्यांना दाराजवळचं टेबल मिळालं, आणि लांब मानेचं वाद्य पेटीसकट शेकोटीजवळच्या खुर्चीवर बसवलं, कारण त्याला ऊब लागते. ती खुर्ची विल्फची होती. तो खिडकीशी बाकावर बसला.

गाणी सुरू झाली. पाळी शेकोटीपासून उजवीकडे फिरते. डोरीनने आपलं म्हटलं, ब्रॉकबँक बहिणींनी आपलं म्हटलं. पाळी जसजशी खिडकीच्या जवळ यायला लागली तसतसे लोक आपापल्या ग्लासांत जास्त खोल बघायला लागले. विल्फच्या शेजाऱ्याचं गाणं संपलं. सगळीकडे असं शांत झालं, जसं वीज गेल्यावर होतं.

“पुढे,” डोरीन म्हणाली, पण कुणाकडे न बघता.

“पुढे विल्फ,” जॉस म्हणाला.

“मला माहीत आहे पुढे विल्फ.”

“मग म्हणू दे की त्याला.”

“काय म्हणू दे, जॉस? त्याचं गाणं झालंय. अडीच वाजता झालं. मी स्वतः ऐकलं, तूही ऐकलंस. मेळाव्याच्या दिवशी एक गाणं एकदाच.”

“ते चर्चमध्ये झालं!”

“दिवस तोच आहे ना? का चर्चमध्ये वेगळा वार असतो?”

“बरं, मग दुसरं म्हण ना रे विल्फ,” मागून कुणीतरी सुचवलं. “एखादं साधं.”

 दुसरं गाणं विल्फकडे नव्हतं. एका माणसाला किती गाणी लागतात? त्याने ग्लास उचलला, तो रिकामा निघाला, तरी तो प्यायला. बाहेर पुढचं अख्खं वर्ष उभं होतं आणि घरात वैरणीची काडी नव्हती.

एव्हाना काय झालंय ते दाराजवळच्या टेबलापर्यंत हळूहळू पोचत होतं. पाद्रीबाईंनी क्लेमेन्सीच्या कानात सांगितलं. क्लेमेन्सीने चमचा खाली ठेवला. तिच्या चेहऱ्याचा रंग आधी गेला आणि मग गरजेपेक्षा जास्त परत आला.

“मिस्टर हेस्केट,” ती उठून म्हणाली, “आम्हाला कल्पनाच नव्हती. नोंद नव्हती कुठेच.”

“नोंद कशाला हवी?” जॉस म्हणाला. “विल्फ आहे ना. विचारायचं.”

हे काही तिला सुचलं नव्हतं. तिने सात ग्रंथालयांत विचारलं होतं, पण हाय गिलचा दरवाजा वाजवला नव्हता.

तेवढ्यात बार्नबीने मदत करायचं ठरवलं. “एक तांत्रिक मुद्दा आहे,” तो म्हणाला. “आम्ही जुन्या पट्टीत गातो. आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर, आम्ही म्हटलेला एकही सूर मिस्टर हेस्केट यांचा नव्हता.”

पब विचारात पडला.

“मेंढी खड्ड्यात उभी राहिली,” शेवटी डोरीन म्हणाली, “म्हणून ती दुसऱ्याची होत नाही.”

“बरोबर आहे,” जॉस म्हणाला. “पण तिची लोकर कुणी भलत्याच पद्धतीने कातरली असली तर?”

“लोकर बघत नाहीत. कान बघतात.”

“मग गाण्याचा कान कुठला?”

इथून वाद फार पुढे गेला. खाचांची वही टेबलावर आली. कान म्हणजे शब्द, असं एका बाजूचं म्हणणं. कान म्हणजे चाल, असं दुसऱ्या बाजूचं. एकाने विचारलं की दुसऱ्याच्या रानात व्यायलेली मेंढी कुणाची, आणि त्यावर दोन चुलतभाऊ १९९३ सालच्या एका खऱ्या मेंढीवरून भांडायला लागले. विल्फ खिडकीशी बसून होता. सगळे त्याच्याबद्दल इतकं बोलत होते की त्याच्याशी बोलायचं कुणाच्या लक्षात नव्हतं.

शेवटी क्लेमेन्सीच म्हणाली, “पण चर्चमध्ये ध्रुवपद कुणीच धरलं नाही.”

डोरीनने वही मिटली.

“काय म्हणालीस, पोरी?”

“आमच्याबरोबर कुणीही गायलं नाही. इथे प्रत्येक गाण्याला सगळे गातात. तिथे सगळे नुसते बसले होते.”

“तू छापलं होतंस, गप बसा म्हणून,” जॉसची बायको म्हणाली.

डोरीनने डोळे मिटले. मेंढीचा निवाडा करताना ती असेच मिटायची. “बाजारात मेंढी गोल फिरवून दाखवली,” ती सावकाश म्हणाली, “आणि कुणी हात वर केला नाही. तर ती विकली गेली का?”

“नाही,” पब म्हणाला.

“मग ज्या गाण्याचं ध्रुवपद कुणी धरलं नाही, ते झालं नाही. ते नुसतं दाखवलं.” तिने डोळे उघडले. “विल्फ, ऊठ बाबा. तुझी पाळी.”

पबमध्ये असा गलका झाला की वाद्याच्या पेटीतून एक तार आपोआप वाजली. कुणीतरी विल्फचा ग्लास भरला. विल्फ उठला. त्याने टोपी काढली. चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि यंदा खरोखरच बघत होती. त्याने छाती भरून घेतली आणि पहिलं कडवं सुरू केलं.

तोंडातून क्लेमेन्सीची चाल बाहेर पडली.

त्याचं त्यालाच आधी कळलं नाही. मेंढपाळ दोन पावलं चालला आणि थांबून निसर्ग बघायला लागला. विल्फने त्याला पुढे ढकलायचा प्रयत्न केला, तो हलेना. ओळीचा शेवट आला, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या, साठ वर्षं कुत्र्यांवर ओरडून घट्ट झालेल्या त्या गळ्यातून चिमणीच्या पंखासारखी एक थरथर निघाली. जॉसचा ग्लास ओठापाशी थांबला. विल्फ आतल्या आत आपली चाल शोधत होता, पण जिथे ती असायची तिथे आता धनुकलीचं वाद्य रडत बसलं होतं.

तसंच ध्रुवपद आलं. चाळीस माणसांनी श्वास घेतला आणि शिरायला जागाच सापडेना. ताल भलतीकडे होता. एकाने ‘फिर’ म्हटलं, दुसऱ्याने ‘गं’ म्हटलं, आणि दोघं ओशाळून थांबले. हे ध्रुवपद त्या पबमध्ये फक्त चार माणसांना येत होतं. त्यांना वाईट वाटत होतं आणि त्यांना मदत करायची होती. दाराजवळच्या टेबलावरून, चार सुरांत, अचूक, त्यांनी विल्फला साथ दिली.

तो एका कडव्यानंतर थांबला.

‘ब्लॅक रॅम’मध्ये गाण्याला टाळ्या वाजवत नाहीत. तुमचं गाणं झालं की लोक ग्लास उचलून तुमचं नाव घेतात आणि पाळी पुढे जाते. टाळ्या बाहेरच्यांसाठी. आता त्या शांततेत कुणाला काय करावं सुचेना, आणि जॉसने, अगदी मनापासून, दोन्ही तळहात एकमेकांवर आपटले. मग सगळ्यांनी.

“छान झालं हं,” शेजारचा म्हणाला, आणि विल्फला बसायला जरा जास्तच जागा करून दिली.

विल्फ बसला नाही. त्याने टोपी घातली आणि मागच्या दाराने अंगणात गेला. मॉस तिथे बांधलेली होती. अंधार पडला होता, नोव्हेंबरात पाचलाच पडतो. त्याने मॉसकडे पाहून पहिली ओळ गुणगुणली. थरथर आली. मॉसने कान पाडले.

दार उघडलं आणि क्लेमेन्सी बाहेर आली. हातात कागदांची फाईल.

“मिस्टर हेस्केट, ऐका. आम्ही जे गायलो ते आम्ही बसवलेलं होतं. संथ आम्ही केलं, हरकती आम्ही घातल्या. पण मूळ कागद माझ्याकडे आहे. संग्राहकाने तुमच्या पणजीकडून जसं ऐकलं तसं. मी ते साधं गाऊन दाखवते. तुमची चाल तुम्हाला मिळेल.”

तिने मोबाइलचा उजेड कागदावर धरला आणि गायली. साधं, सरळ, काठी टेकत. विल्फने डोळे मिटून पूर्ण कडवं ऐकलं.

“नाही,” तो म्हणाला. “हे पण नाही.”

“पण हे त्यांनी प्रत्यक्ष...”

“त्याने चुकीचं लिहिलंय, पोरी. तिसऱ्या ओळीत ती वर जात नाही. का जाते... नाही, वर जाते, पण अशी नाही.” त्याने हाताने हवेत एक टेकाड काढलं. टेकाड अगदी बरोबर होतं, पण त्याला आवाज नव्हता.

“मग कशी?”

“तेच तर.”

 मग क्लेमेन्सी म्हणाली, “दुसऱ्या कुणाला येत असेल ना? आत एवढी माणसं आहेत. तीस-चाळीस वर्षं ऐकतायत.”

विल्फला याचा राग यायला हवा होता. आपलं गाणं दुसऱ्याच्या तोंडून मागायचं, म्हणजे स्वतःच्या घराच्या दारावर टकटक करायची. हाय गिलमध्ये वाढलेला माणूस शेजाऱ्याकडे मीठही मागत नाही. मीठ संपलं तर त्या वर्षी अळणी खातो. तो बराच वेळ मॉसच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. मॉसला वाटलं, आपण काहीतरी चांगलं केलंय.

मग तो आत गेला. गाणं चाललेलं अर्धवट थांबलं.

“डोरीन,” तो म्हणाला, “माझं गाणं म्हण जरा.”

डोरीन दचकली. “मी? तुझं? तुझ्यादेखत?”

“मी सांगतोय ना. माझी चाल गेलीय. मला एकदा ऐकव, मग येईल.”

डोरीनने ग्लास खाली ठेवला. “अरे, ध्रुवपद म्हणते ना मी. ते येतं.”

“ध्रुवपद नको. कडवं.”

“कडवं...” डोरीन सेहेचाळीस वर्षं या पबमध्ये येत होती. तिने कपाळावर आठ्या आणल्या आणि मग खरं बोलली, कारण ती अध्यक्ष होती. “विल्फ, तुझ्या कडव्याच्या वेळी मी ग्लास भरून आणायला जाते. नऊ कडवी असतात. रांग नसते तेव्हा.”

“जॉस?”

“मी मागे जातो,” जॉस म्हणाला. “म्हणजे... मागे. ध्रुवपदाला येतो ना पण परत! बटणं लावता लावता येतो.”

ब्रॉकबँक बहिणी त्या वेळात मेंढ्यांच्या भावाचं बोलायला बाहेर ओसरीत जायच्या. शेजारचा पाइप ओढायला जायचा. एकेक जण सांगत गेला. कुणीच वाईट हेतूने जात नव्हतं. गाणं लांब होतं, एवढंच.

“मला वाटायचं,” विल्फ म्हणाला, “तेव्हा शांतता असते.”

“असायचीच ना,” जॉस म्हणाला. “कुणी नसायचंच.”

जॉसच्या बायकोचं कोपर पुन्हा त्याच्या बरगडीत गेलं, पण बोलून झालं होतं. विल्फ हातात टोपी घेऊन उभा होता. कुणीतरी लांब मानेच्या वाद्याची पेटी उचलून खाली ठेवली आणि खुर्ची त्याच्या मागे सरकवली. तो बसला, कारण खुर्ची गुडघ्यांना लागली.

डोरीनने इकडेतिकडे पाहिलं. मग कुणालाही न विचारता तिने ध्रुवपद सुरू केलं.

फिर गं माघारी, फिर गं.

दुसऱ्या ओळीला चाळीसच्या चाळीस आत शिरले. भराभर, काठी टेकत, मोठ्याने. दाराजवळची चार माणसं गप्प राहिली, आणि ते त्यांनी दिवसभरात सगळ्यात चांगलं वाजवलं. विल्फही म्हणत होता. आपल्याच गाण्याचं ध्रुवपद बसून, सगळ्यांबरोबर, तो पहिल्यांदाच म्हणत होता. ते संपलं, कडव्याच्या दाराशी येऊन पोचलं, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

चाल आली नाही. शब्द आले. विल्फचे ओठ हलत होते, पहिल्या कडव्यातल्या गिरणीवाल्याला विचारत होते, मेंढी पाहिलीस का, पण आवाज नव्हता. शेकोटीत एक लाकूड खचलं. कुणी उठलं नाही. डोरीनचा ग्लास रिकामा होता, तिने तो टेबलावर पालथा घातला. गिरणीवाला म्हणाला, नाही बुवा. विल्फने मान हलवली, आणि चाळीस गळे पुन्हा उठले.

मग दुसरं कडवं. त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ सगळे बसून राहिले. तिसरं, चौथं. ओसरीत कुणी गेलं नाही, पाइप कुणी पेटवला नाही. बार्नबी बोटांवर मात्रा मोजत होता. मोजणं त्याच्या हाडात होतं. पाद्रीबाईंना वाटलं ही इथली जुनी प्रथा असावी, म्हणून त्यांनी डोकं खाली घातलं. पाचव्या कडव्याच्या मध्यावर विल्फच्या घशातून काहीतरी निघालं. सगळ्यांनी श्वास रोखला. तो खोकला होता.

सहाव्या कडव्याला जॉस अर्धा उठला. त्याने चार पाइंट बिअर घेतली होती. विल्फने त्याच्याकडे पाहिलं, आणि बायकोनेही. जॉसने दाराकडे पाहिलं, मग छताकडे, मग पाय आवळून परत खाली बसला.

अजून तीन कडवी होती.